ताण मुलांचा, वेळापत्रक दुसऱ्याचं

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या निमित्ताने आमच्या कॉलेजात ‘तणावमुक्त विद्यार्थी’ नावाची कार्यशाळा झाली. पाहुणे मुंबईहून आले होते. माणूस चांगला, बोलणं ओघवतं. शेवटी त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. चार आकडे मोजत श्वास आत, चार आकडे रोखून धरायचा, मग सावकाश बाहेर. हॉल इतका शांत झाला की बाहेरच्या सुरूंमधला वारा ऐकू येत होता. आणि बरोबर पावणेपाचला मागच्या चार रांगांनी डोळे उघडले, दप्तरं काखोटीला मारली आणि चपला हातात घेऊन एकेक जण दाराबाहेर सटकला.

चहा घेताना पाहुणे मला म्हणाले, “तुमची मुलं फार अस्वस्थ आहेत हो. दहा मिनिटं स्थिर बसवत नाही त्यांना.”

“पाचला गाडी असते त्यांची,” मी म्हटलं.

पाचची चुकली की मग थेट सव्वासातची वस्तीची. रात्री गावात मुक्काम करून पहाटे परत फिरणारी ती वस्तीची. तिने गेलेली मुलगी साडेआठला फाट्यावर उतरते आणि पुढे घाटी चढून अर्धा-पाऊण तास बॅटरीच्या उजेडात चालते. घरी पोचल्यावर पुस्तक उघडायचं म्हणजे जेवणं आटोपून, भांडी घासून, दहानंतर. आणि सकाळी सहाची गाडी आहेच.

श्वास मोजण्याला माझा विरोध नाही. मला रक्तदाब आहे, डॉक्टरांनी मलाही तेच करायला सांगितलंय आणि त्याने फरक पडतो. माझी तक्रार वेगळी आहे. मुलाच्या ताणाबद्दल बोलायचं म्हटलं की आपण सरळ त्याच्या डोक्यात शिरतो. त्याचं मन कमकुवत, त्याचा मोबाइल वाईट, त्याची संगत वाईट. कोकण किनारपट्टीवरच्या कॉलेजात बावीस वर्षं अकाउंटन्सी शिकवल्यावर माझं मत असं झालंय की इथल्या मुलांचा निम्म्याहून अधिक ताण त्यांच्या डोक्यात तयारच होत नाही. तो डेपोत, विद्यापीठात आणि फीच्या खिडकीवर तयार होतो. मुलं तो नुसता वाहून घरी नेतात.

माझ्या वर्गातली एक मुलगी पहाटे आईबरोबर बंदरावर मासळीच्या लिलावाला जाते, टोपली भरून देते आणि मग आंघोळ करून कॉलेजला येते. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढलेला नाही. एकदा मात्र लेक्चर चालू असताना रडायला लागली. विचारलं तर म्हणाली, “गाडी येतली काय नाय, ताच कळणा नाय, सर.” सलग तीन दिवस सकाळची फेरी ऐनवेळी रद्द झाली होती आणि तिची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली घसरत होती. कष्टाने मूल मोडत नाही. उद्या काय होणार हे कळत नसेल तर मोडतं.

याला शास्त्राचा आधार आहे. १९७०च्या सुमारास जे वाइस या अमेरिकन संशोधकाने उंदरांवर प्रयोग केले. दोन उंदरांना विजेचे अगदी सारखे झटके द्यायचे, पण एकाला झटक्याच्या आधी घंटा ऐकवायची आणि दुसऱ्याला अचानक. झटके तितकेच, तरी ज्याला घंटा ऐकू येत होती त्याच्या पोटात अल्सर फार कमी झाले. दुःख केव्हा येणार हे माहीत असलं की मधला वेळ तरी आपला असतो. दुसऱ्या उंदराला तो मधला वेळच नव्हता. आमच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या मुलांकडे बघताना मला हमखास तो दुसरा उंदीर आठवतो. उदाहरण फार सभ्य नाही, पण इलाज नाही.

आता यातली गंमत बघा. समुद्र म्हणजे बेभरवशाचा, असं आपण म्हणतो. पण १ जूनला मासेमारी बंद होणार हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मे संपायच्या आत होड्या वर ओढतात, झापांनी शाकारतात, जाळी सुकवून माळ्यावर जातात. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरलेलं असतं, सुका बांगडा डब्यात असतो. दोन महिने कमाई शून्य, पण कुणाची झोप उडत नाही, कारण तारीख ठरलेली आहे आणि तयारी झालेली आहे. याच्या उलट परीक्षेची तारीख. ती छापील कागदावर येते, मग बदलते, मग बदललेली पुन्हा बदलते आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पुढे ढकललेला फोटो येतो, तो खरा की खोटा हे विचारायला मुलं रात्री अकराला मला फोन करतात. दर्या परवडला.

आणि नेमकी त्याच दोन महिन्यांत, जून-जुलैत, कॉलेजची फी. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल कुणी बोलत नाही. किनारपट्टीवर पैसा येण्याचे दिवस ठरलेले आहेत. आंब्याचा पैसा मार्च ते मे. तोही बागायतदाराकडे येईपर्यंत फवारणीची उधारी, खोके-पेंढ्याचा खर्च, राखणदाराचा पगार आणि वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल यांतून मार्ग काढत येतो. हातात दलालाच्या हिशेबाची पट्टी पडते तेव्हा कळतं की पेट्या किती गेल्या आणि उरलं किती. खलाशाचा वाटा नारळी पौर्णिमेनंतर होडी परत दर्यात गेल्यावर. मधले दिवस रिकामे, त्यात लावणीची मजुरी द्यायची, घरावरची कौलं परतायची. अशा दिवसांत आम्ही नोटीस लावतो: अमुक तारखेपर्यंत फी भरावी, अन्यथा विलंब शुल्क आकारण्यात येईल.

एक मुलगा मागच्या जुलैत स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. “सर, नारळी पुनवेक भरलंय तर चलात?” त्याच्या दृष्टीने तो उधारी मागत नव्हता, तारीख सांगत होता, तीही पंचांगात छापलेली. ऑफिसातला क्लार्क वाईट माणूस नाही. त्याच्या संगणकावर मुदत संपली की खिडकीच बंद होते. पण ही मुदत घालताना कुणालाही असं वाटलं नाही की या तालुक्यात मासेमारीबंदी नावाची गोष्ट आहे. मुलगा आठ दिवस कॉलेजला आला नाही. आम्ही त्याच्या नावापुढे गैरहजर मांडत होतो.

२०२४-२५पासून आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगला निर्णय आहे, मी त्याचं मनापासून स्वागत केलं. पण साधं बी.ए., बी.कॉम. करणारा खलाशाचा मुलगा त्यात बसत नाही. त्याला माफीही नको आहे. त्याला दोन हप्ते हवे आहेत, एक आत्ता जमेल तेवढा आणि दुसरा दिवाळीच्या आगेमागे. याला सरकारी तिजोरीतून एक रुपया लागत नाही.

यावर माझ्याच वयाच्या लोकांचं उत्तर ठरलेलं आहे. आम्ही नाही का चालत गेलो? कंदिलाखाली नाही का शिकलो? आम्हांला कुठे होता स्ट्रेस? मीही चालत गेलोय, पाच किलोमीटर, व्हाळाला पाणी आलं की कपडे डोक्यावर बांधून. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मला थोडा तरी अधिकार आहे. आमची परीक्षा वर्षातून एकदा, उन्हाळ्यात. गणपती, दिवाळी, शिमगा सगळं निर्धास्त पार पडायचं. आता सहा महिन्यांचं सत्र, त्यात अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, सादरीकरण. एक केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या सत्रात गेलं, की मागच्या सत्राचा पेपर आणि चालू सत्राचा पेपर एकाच पंधरवड्यात. मार्चमध्ये गावात पालखी नाचत असते, ढोलाचा आवाज सड्यावरून घुमत घरात येतो आणि पोरगं कोनाड्यातल्या बल्बखाली कॉस्टिंगची गणितं सोडवत बसतं. त्याला धड पालखीही मिळत नाही आणि धड कॉस्टिंगही.

दुसरा फरक याहून मोठा. आमच्या आधीच्या पिढीला मुंबई होती. नापास झाला तरी काका गिरणीत होता, मामा गोदीत होता, गाववाल्यांच्या खोलीत पथारी पसरायला जागा होती. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचं काय झालं ते कोकणाला सांगायची गरज नाही, अर्धं गिरणगाव आमचंच होतं. आज सावंतवाडी-दोडामार्गकडची मुलं मोटारसायकल काढून रोज गोव्यात कामाला जातात. रत्नागिरीकडची लोट्याच्या कारखान्यांत नाहीतर पुण्याला, कंत्राटावर. पडलो तर खाली काहीतरी आहे हा भरवसा आम्हांला होता. त्या भरवशाला आम्ही आमचं धैर्य समजत आलो.

थोडा ताण हवाच, हे मात्र मी मान्य करतो. येर्कीस आणि डॉडसन या दोघांनी १९०८ सालीच दाखवलं होतं की ताण अजिबात नसला तरी काम बिघडतं आणि अति झाला तरी बिघडतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं हा आजार नाही. काही मुलं हल्ली नुसत्या आळसालाही ‘मेंटल हेल्थ’ म्हणतात, तेव्हा माझाही पारा चढतो. पण अशी मुलं शंभरात पाच. त्या पाचांकडे बोट दाखवून उरलेल्यांना कोरडं ठेवणं हा आमचा लबाडपणा झाला.

निकालाचं तर बोलायलाच नको. रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. १८५७चं विद्यापीठ, नाव मोठं, पण इथून कालिन्याला जायचं तर पाचशेएक किलोमीटर. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरलं, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. वर्तमानपत्रांनी कुलगुरूंबद्दल लिहिलं. त्या महिन्यांत ज्यांचा पुढचा प्रवेश अडला, त्यांनी घरी काय सांगितलं हे कुणी लिहिलं नाही. आजही गुणपत्रिकेत नाव चुकलं तर मूल संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरतं, विद्यापीठात अर्ज देतं आणि त्याच रात्री परत फिरतं. दोन रात्री, एक दिवस, एका वेलांटीसाठी. रत्नागिरीला विद्यापीठाचा उपपरिसर आहे. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी जुनी आहे, ते झालं पाहिजे की नको यावर मी इथे वाद घालत नाही. पण वेलांटी दुरुस्त करायचा अधिकार उपपरिसरात असायला कुठलं नवं विद्यापीठ लागतं?

आमच्याकडे एक मथळा दरवर्षी ठरलेला असतो: कोकण विभाग पुन्हा अव्वल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून वेगळं विभागीय मंडळ झालं, तेव्हापासून बारावीत पहिला नंबर आम्ही कुणाला दिलेला नाही. २०२५ला राज्याचा निकाल ९१.८८ टक्के होता, कोकणचा ९६.७४. अभिमान मलाही वाटतो. पण त्या अभिमानाचं ओझं पुढे मुलाच्या पाठीवर येतं. ज्या गावात बारावीला कुणी नापासच होत नाही, त्या गावातल्या मुलाला पहिल्याच सत्रात दोन केट्या लागल्या तर तो ते सांगणार कुणाला?

तो सांगत नाही. आणि मुलं स्वतःच्या हाताने जो ताण तयार करतात, तो हा. हे मी त्यांना दर वर्षी तोंडावर सांगतो. केटी लपवू नका. लपवलेली केटी आईला कळत नाही, पण मुंबईच्या आत्याला गणपतीत कळते. घरात चाकरमानी भरलेले, आरती झालेली, मोदक पानात, आणि आत्या विचारते, “काय रे, लास्ट इयर ना तुझं?” त्या एका प्रश्नाच्या भीतीने गणपतीत आजारी पडलेली मुलं मला माहीत आहेत. एकाने तर दीड वर्ष लपवलं. त्याची आई पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली, पोरगं पास झालं म्हणून. ते पेढे मी घेतले. काय करायला हवं होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच संध्याकाळी त्याला बोलावलं, तर पहिलं वाक्य, “घराक सांगू नकात हां, सर.” दुसरं वाक्य बोलायला त्याला वीस मिनिटं लागली. पण बोलला, आणि पुढच्या महिन्यात त्याने घरीही सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी फॉर्म भरायला पैसे दिले. एवढंच झालं. दीड वर्ष तो ज्याला घाबरत होता ते तीन दिवसांत संपलं.

हे ऐकून घेणारं माणूस कॉलेजात कोण असावं, याबद्दल आता न्यायालयानेही बोलून झालंय. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. त्याआधी, २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपला जीव दिल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. त्यांतली १,७६४ मुलं महाराष्ट्रातली, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. अव्वल यायच्या याद्या अनेक असतात.

सूचना उत्तम. तालुक्याच्या गावात त्यांचं काय होतं ते सांगतो. समुपदेशन कक्षाचा प्रभार मला मिळाला, कारण माझा चेहरा शांत आहे असं प्राचार्यांचं मत. कक्ष म्हणजे एनएसएसची घमेली आणि फावडी ठेवायची खोली, बाहेर नवी पाटी. पहिल्या वर्षात तीन मुलं आली, त्यांतलं एक फावडं मागायला. दोष मुलांचा नाही. मुलीने माझ्याशी काय बोलावं? माझी सासुरवाडी तिच्या वाडीला लागून आहे. कक्षात शिरताना बघणारा शिपाई तिच्या चुलत्याचा दोस्त. शहरात सल्लागार अनोळखी असतो म्हणून मुलं उघडी होतात. इथे अनोळखी माणूस मुद्दाम आणावा लागेल.

म्हणून माझी मागणी अशी की चार-पाच कॉलेजांनी मिळून एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवावा, पगारी, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातला. तो आठवडा बाजारासारखा ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी यावा आणि त्याची खोली ग्रंथालयाच्या आत असावी, म्हणजे पुस्तक बदलायला गेलेली आणि बोलायला गेलेली यांच्यात बाहेरून फरक दिसणार नाही. आमच्या प्रभाराचे कागद रंगवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. तोवर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, २०२२पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो मी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवतो. कुणी पुसत नाही, यावरून काय ते समजतो.

एक अडचण खास आमची. मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय रत्नागिरीत आहे, राज्यातल्या मोजक्या अशा रुग्णालयांपैकी एक. वास्तविक हे कोकणाचं भाग्य. पण पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्याची चेष्टाच केली. कुणी जरा वेगळं बोललं की, “ह्येका रत्नागिरीक धाडूक होया.” वर्गातही हे वाक्य महिन्यातून दोनदा ऐकू येतं, सगळे हसतात, पूर्वी मीही हसायचो. ज्या मुलाला खरोखरच झोप येत नसते, तो त्या हशात सामील होतो आणि रत्नागिरीचं नाव मनातून कायमचं काढून टाकतो.

पाचच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कार्यशाळेनंतर आम्ही तीस-चाळीस सह्यांचा अर्ज घेऊन डेपोत गेलो. नवी फेरी मिळणार नव्हतीच. २०२१-२२चा संप साडेपाच महिने चालला तेव्हा एसटीवाचून काय होतं ते सगळ्यांनीच पाहिलंय, त्यामुळे आहे त्या फेऱ्यांबद्दलही माणूस जपून बोलतो. आम्ही एवढंच मागितलं की शेवटचं लेक्चर पावणेपाचला सुटतं आणि स्टँड कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे, तर गाडी वीस मिनिटं उशिरा सोडा. साहेबांनी चालकाच्या ड्यूटीचा तक्ता काढला, पेन्सिलने काहीतरी केलं आणि म्हणाले, पंधरा मिनिटं जमतील. जानेवारीपासून गाडी सव्वापाचला सुटते. वेळेवर सुटतेच असं नाही, पण आठवड्यातले चार दिवस सुटते.

आता लेक्चर सुटल्यावर मुलं पळत नाहीत. स्टँडजवळ चिऱ्याचा जुना गडगा आहे, त्यावर बसतात, वडापाव खातात, कुणी काही वाचत नाही. परवा त्यांतला एक गडग्यावर आडवा होऊन डाराडूर झोपला होता. गाडी लागल्यावर मित्रांनी पाय ओढून उठवला.